चारही कोपरे

आमच्या शाळेत आषाढात भर बारा वाजता दिवे लावावे लागतात. इगतपुरीच्या पुढे, धरणाच्या अंगाला शाळा आहे. धुकं खिडकीतून आत येतं, फळ्याला ओल सुटते, खडू उमटत नाही. नाशिकहून लोक गाड्या काढून हे धुकं बघायला येतात, रस्त्याच्या कडेला कणसं खात फोटो काढतात. काढू देत बापडे. मलाही पूर्वी आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण गेल्या वर्षीपासून सकाळी गाडीतून उतरल्यावर स्टेशनातल्या दिव्याभोवती धुक्याचं ते रंगीत कडं दिसलं, की मी मान खाली घालते आणि जिना गाठते.

पोरांना धुक्याचं काही वाटत नाही. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेऊन येतात, खोळी व्हरांड्यात टांगतात आणि ओल्या पायांनी वर्गात शिरतात. भाताची आवणी चालू असली की निम्मा वर्ग चिखलात असतो. जे येतात त्यांचा प्रश्न ठरलेला. "बाई, आज भितीवरचं लावनार ना?" लावणार, म्हणते मी. मग मी खोक्यातून प्रोजेक्टर काढते, बाकावर ठेवते, बटण दाबते, आणि चित्र यायच्या आधी जो नुसता पांढरा उजेड पडतो त्यात भिंतीचे चारही कोपरे बघून घेते. वरचा डावा, वरचा उजवा, खालचा डावा, खालचा उजवा. ही सवय माझी नव्हे, नानांची.

नाना म्हणजे माझे वडील. उभी हयात नाशकातल्या एका थिएटरात ऑपरेटर होते. त्या थिएटरच्या जागी आता कपड्यांचं तीन मजली दुकान आहे. त्यांच्या उमेदीच्या काळात केबिनमध्ये बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या तोंडाला तोंड लावून ठेवायच्या आणि त्यांच्यामधली ज्योत पेटती राखायची. कांड्या जळत जायच्या, मधलं अंतर वाढायचं, उजेड पिवळा पडायचा, की खालून शिट्ट्या. म्हणून एक लक्ष काळ्या काचेतून कांड्यांवर आणि दुसरं भिंतीतल्या भोकातून समोर, चित्राच्या चारही कोपऱ्यांवर. "मध्ये उजेड कुणीही पाडेल," नाना सांगायचे, "ऑपरेटर ओळखायचा तो कोपऱ्यावरून. कडेला बसलेल्या माणसानंही तेवढंच तिकीट काढलेलं असतं." लहानपणी मला ही बढाई वाटायची. आई तर तोंडावर म्हणायची, घरातल्या कोपऱ्यातली जळमटं दिसत नाहीत ती यांना. आई जाऊन बरीच वर्षं झाली. लग्न मोडून मी परत आले तेव्हापासून जेल रोडच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली आणि कपाट आवरताना हा प्रोजेक्टर सापडला. कुणीतरी कधीतरी दिलेला. त्याचा दिवा उडाला होता आणि तसला दिवा आता कुठे मिळत नाही, म्हणून तो कपाटात पडला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, निर्लेखनात टाकू या, भंगारात जाईल." मी म्हटलं, "सर, थांबा. आमचे नाना बघतील." किती सहज बोलले मी ते. नाना नुसते बसून असायचे, पेपर दोनदा वाचायचे, गॅलरीतून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचे. मला वाटलं, म्हातारा जरा रमेल.

रमले, आणि कसे. पहिल्याच रविवारी दुपारी घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोधड्या खिडक्यांना लागल्या. जेवायचं टेबल गेलं. प्रोजेक्टरचं पोट उघडून नाना म्हणाले, "बाकी सगळं धडधाकट आहे गं याचं. नुसता उजेड गेलाय." आधी त्यांनी मोटरसायकलच्या हेडलाइटचा बल्ब लावून पाहिला. तो इतका तापला की आतलं प्लॅस्टिक वाकलं आणि त्याचा वास गोधड्यांना आठवडाभर येत राहिला. मग त्यांनी एलईडी आणवला. चपटा, पिवळा, श्रीखंडाच्या वडीएवढा. त्याच्या पाठीला जुन्या कॉम्प्युटरमधला तांब्याचा ठोकळा, त्यावर पंखा, पुढे भिंग. हे सगळं बसलं, पण मशीन काही चालू राहीना. अर्ध्या मिनिटात मान टाकायचं.

"त्याला कळतंय, आपला दिवा नाही म्हणून," नाना म्हणाले. जुना दिवा लागला की एका तारेतून आतल्या सर्किटला तसा निरोप जातो आणि तो आला नाही की मशीन स्वतःला बंद करून घेतं, असं त्यांनी मला समजावलं. मग ती तार शोधून त्यांनी दिवा नसतानाच तो निरोप जाईल अशी जोडणी केली. "याला थोडं फसवावं लागतं, मनू. सांगायचं, बाबा रे, सगळं ठीक आहे, तू चाल."

"आणि फसलं नाही तर?"

"फसतं गं. भोळं असतं मशीन. विश्वास ठेवतं."

त्या रात्री आम्ही श्रीखंडच आणलं. नाना दोन वाट्या जेवले.

एलईडीचा म्हणे एक जन्मजात दोष असतो. त्याचा उजेड मध्ये गोळा होतो आणि कोपरे अंधारे राहतात. नानांसारख्या माणसाला हे कसं सोसावं? उरलेला जून त्यांनी त्या कोपऱ्यांपायी घातला. भिंग गव्हाच्या दाण्याएवढं पुढे, दाण्याएवढं मागे. ते करताना उघड्या एलईडीकडे बघावं लागायचं. काळी काच लावा म्हटलं की म्हणायचे, "कार्बनसमोर उभा राहिलेला माणूस आहे मी, या वडीला काय घाबरायचं?" डोळे लाल व्हायचे, आग व्हायची. त्यांनी खालच्या मेडिकलमधून थेंब आणले. थेंबांनी लाली दोन दिवसांत गेली. बाटली संपली की मी येताजाता दुसरी आणायची. मेडिकलवाला ओळखीचा, नाव सांगायचीही गरज नव्हती.

जुलैत मी प्रोजेक्टर शाळेत नेला. त्या दिवशी वर्गात चोवीस पोरं होती आणि बाहेर असा पाऊस की पत्र्याच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. मी समुद्राच्या तळाचं एक चित्रण लावलं. पोरांतल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी हात वर करून ओरडली, "बाई, त्यो बघा, पार वरल्या कोपऱ्यातून मासा आला." सगळ्यांनी वर पाहिलं. निळा, बोटभर मासा होता तो, वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघाला आणि भिंतभर तिरपा पोहत गेला. हा मासा मी विसरायला नको होता.

शाळेत ओल धरते म्हणून मी दर शनिवारी प्रोजेक्टर घरी आणायचे. असाच एक रविवार होता, श्रावण लागला होता. नानांनी भिंतीवर उजेड पाडला आणि म्हणाले, "कोपरे परत काळे पडलेत."

मी पाहिलं. "नाही हो नाना, छान आहेत."

"तुला काय कळतंय? हे बघ, वरचे दोन्ही." त्यांनी बोट केलं तिथे भिंत चुन्यासारखी पांढरी होती. मी तसं म्हटल्यावर ते रागावले. मास्तरणीला कोपरे दिसायला लागले तर ऑपरेटरनं घरी बसावं, असं काहीसं म्हणाले आणि भिंग काढून पुसत बसले. सोमवारी प्रोजेक्टर शाळेत गेला नाही. "असलं काम माझ्या हातून पोरांपुढे जायचं नाही," म्हणाले. पोरं मला विचारत राहिली आणि मी दुरुस्तीला दिलाय सांगत राहिले.

पुढच्या रविवारी नवीन तक्रार. दिव्याभोवती रंग दिसतात, तांबडा बाहेर, निळा आत. "भिंग हलकं आहे, उजेड फोडतंय," नाना म्हणाले. त्यांनी दुसरं, जाड काचेचं भिंग मागवलं. ते लावूनही रंग गेले नाहीत. मग तिसरं. त्याच सुमारास त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला. चहा ओतताना धार कपाबाहेर गेली, तेव्हा मी ओरडले, "नाना, लक्ष कुठे असतं तुमचं?" लक्ष प्रोजेक्टरात आहे असं मला वाटत होतं. सगळं मी त्याच्यावर ढकललं, आणि त्यांनी दिव्यावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं. फरक एवढाच, की वळसा घालून परत येईपर्यंत कळसा रिता झाला.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. इतका वेळ भिंगं नि गोधड्या सांगत बसले ती त्याच्याचमुळे.

पोळ्याच्या आधीचा रविवार होता. दुपारी नाना बराच वेळ भिंतीकडे बघत बसले होते. मी टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर माझी दप्तरं पसरली होती, कारण सोमवारी शाळेत तपासणी येणार होती आणि अर्धे तक्ते भरायचे राहिले होते. सकाळपासून आमचं दोनदा वाजलं होतं. मी म्हणायचे कोपरे पांढरे, ते म्हणायचे काळे. ते जेवले नव्हते. माझं डोकं उठलं होतं.

"मनू," ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तुला खरंच सगळं सारखं दिसतंय?"

मी मान वर केली नाही.

"नाही, तसं असेल तर मग माझ्याच डोळ्यांचं काहीतरी असेल. सगळी भिंगं बदलून झाली. उद्या दाखवून येऊ का कुणाला? तू येशील?"

उद्या तपासणी. उद्या रजा मागणं म्हणजे मुख्याध्यापकांचं तोंड. आणि दुसरं म्हणजे त्यांचा तो पडलेला आवाज. भांडणारे नाना मला चालायचे, हा आवाज नको वाटला. मी भिंतीकडे पाहिलं. चारही कोपरे पांढरेशुभ्र होते. मी म्हणाले, "नाही हो नाना. आता नीट बघितलं तर वरचे जरा काळे वाटतात खरे."

त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "बघ. मी कधीपासून म्हणतोय." उठले, हात धुतले, जेवायला वाढ म्हणाले. वरणभात खाताना मला समजावत होते, या एलईडीची ताकदच कमी आहे, दुप्पट मोठा लावायला हवा, पंखाही मोठा लागेल. मी हो हो म्हणत होते. मला हायसं वाटलं होतं. तपासणी सोमवारी छान पार पडली. साहेबांनी माझ्या तक्त्यांचं कौतुक केलं.

त्यानंतर दीड महिना गेला. गणपती आले आणि गेले, पितृपंधरवडा झाला. नाना मोठा एलईडी आणून जोडत होते. बारीक जोडणी करताना डोळ्यांना ताण येतो म्हणून थेंब चालूच होते. हात इतके सराईत की तारांना डाग देताना चूक व्हायची नाही. आता वाटतं, ते बघून करत नव्हतेच, हातांनी ओळखून करत होते.

नवरात्रातली दुपार. मी लवकर घरी आले, दार ढकललं आणि डोळ्यांवर आडवा हात धरला. समोरची भिंत नुसती पेटली होती. तो मोठा एलईडी लागला होता, आणि इतका उजेड त्या खोलीनं कधी पाहिला नसेल. भिंतीवरचा जुना खिळा, पोपडे, आईच्या फोटोच्या काचेवरची धूळ, सगळं उघडं पडलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नाना भिंतीपाशी उभे होते, जवळजवळ नाक लावून, आणि हात पसरून कोपरा चाचपत होते.

"आलीस? बघ गं जरा," ते म्हणाले. "एवढा मोठा लावला, तरी अंधुकच आहे."

तेव्हा आठवला तो मासा. पार वरच्या कोपऱ्यातून आलेला, मागच्या बाकावरच्या पोरीला दिसलेला.

डॉक्टर बाई तरुण होत्या, नानांना आजोबा म्हणत होत्या. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला, परत मोजला. मग नानांना एका मशीनपुढे बसवलं. आत पांढरी वाटी असते, हनुवटी टेकवून मध्ये बघायचं, कडेला कुठेही दिव्याचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी काचेच्या दाराबाहेर उभी होते. नानांचा अंगठा बटणावर तयार होता. बराच वेळ तो तसाच राहिला. मध्येच दोनचारदा दाबला, परत थांबला. बाहेर आल्यावर नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यांचं मशीन बिघडलंय. दिवेच लागत नव्हते."

डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर ठेवला. मध्ये रुपयाएवढा उजेड आणि चारही बाजूंनी काळं. कोपरे तर पार गडद. मी त्या कागदाकडे बघतच राहिले, कारण हे चित्र मला माहीत होतं. श्रावणापासून नाना मला हेच तर सांगत होते. त्यांच्या बोलण्यात एका शब्दाची चूक नव्हती. रंगाची कडीसुद्धा, डोळ्यांतला दाब वाढला की दिव्याभोवती तशीच दिसतात, असं डॉक्टर म्हणाल्या.

"काचबिंदू आहे. थोडा आधीपासून असेल. पण एवढा भडकला कशानं?" त्यांनी विचारलं, "डोळ्यांत काही घालता का?"

मी पर्समधून बाटली काढून दिली. परवाच आणली होती, अजून सील होतं. त्यांनी नाव वाचलं आणि बाटली अलगद टेबलावर ठेवली. "यात स्टिरॉइड आहे. काहींच्या डोळ्यांत यानं दाब वाढतो. दुखत नाही, कळत नाही. कुणी लिहून दिलं?"

"कुणीच नाही."

"आता दाब उतरवू, ऑपरेशन करू. पण गेलेली नजर परत येत नसते." मग त्या म्हणाल्या, "महिना-दीड महिना आधी आणलं असतंत तर पुष्कळ वाचली असती." त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तरी चाललं असतं. त्या हळू बोलल्या.

ऑपरेशन झालं. उरलेलं टिकेल अशी आशा होती. काही महिने टिकलंही. या वर्षी शाळा उघडली तेव्हा नानांना दिवस आणि रात्र एवढंच कळत होतं. आता उन्हाकडे तोंड करून गॅलरीत बसतात. आमच्या पावसाळ्यात ऊन ते कितीसं असतं? तरी बसतात.

लोक म्हणतात, म्हाताऱ्याला तुम्ही छान सांभाळता. मी चेहरा तसाच ठेवते. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला खोट मशीनमध्येच दिसणार, त्यात नानांचं काय चुकलं? आणि ज्या दिवशी त्यांना दुसरी शंका आली, त्या दिवशी ती मी घालवली. त्यांनीच शिकवलं होतं मला ते. बाबा रे, सगळं ठीक आहे, तू चाल. मी हे कुणाजवळ बोललेले नाही. रागावते मात्र सगळ्यांवर. मेडिकलवाल्यावर, तपासणीवर, धुक्यावर, कणसं खाणाऱ्यांवर. स्वतःवर रागावून बघितलं, त्यानं काही होत नाही. सकाळची गाडी पकडायचीच असते.

प्रोजेक्टर मात्र उत्तम चालतो. त्या मोठ्या एलईडीनं भिंत अशी उजळते की शेजारच्या वर्गातली पोरं दारात येऊन उभी राहतात. मधल्या सुट्टीत पोरं खिचडीच्या रांगेत असतात, तेव्हा माझा फोन वाजतो. नानांना बटणं हातानं येतात. रेंज येईल न येईल म्हणून मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहते. समोर काही दिसत नाही, सगळं पांढरं.

"लावला होता आज?"

"लावला होता, नाना."

"कोपरे?"

"पांढरे आहेत."

"चारही?"

"चारही."

पलीकडून जेल रोडच्या रिक्षांचे आवाज येतात. मग रोजचा तो प्रश्न येतो, आणि मी फोन दुसऱ्या कानाला लावते.

"आधी काळे होते ना गं? तुलाही दिसले होते."

"हो, नाना. दिसले होते."

"मग झालं तर," नाना म्हणतात. "डोळे गेले ते गेले. काम तर नीट केलं ना मी?"